सासूबाईंची टॉर्च

इतरांच्या घरी लोणची मुरतात, माझ्या सासरी तापाचे किस्से मुरतात. सासूबाई अमरावतीत फिजिशियन. घरात आई, दवाखान्यात मॅडम. लग्नानंतर मी तिथल्या काउंटरवर बसू लागले. मी बोलते कमी, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं!

*

भातकुलीचे एक काका फाइल घेऊन आले. डेंगू, मलेरिया, टायफॉइड, सगळ्या टेस्ट झालेल्या.

"सारंच निगेटिव्ह हाय मॅडम. मंग मी बरा हावो न?"

"फाइल बरी आहे. अंग तापलंय तुमचं. शर्ट काढा!"

मग टॉर्च घेऊन शोध. कानामागे, काखेत, नाड्याखाली. गवतातला बारीक किडा चावला की तिथे काळी खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. काकांची मानेवर केसांखाली निघाली. डेंगूचं सोंग घेऊन आलेला स्क्रब टायफस!

*

परतवाड्याच्या एका दादांच्या काखेत खपली सापडली. थेट बिडीच्या चटक्यासारखी. बायको तिथेच उसळली, "बिडी सोडली मनत होते न तुमी?"

"अहो ताई, किडा चावलाय. काखेत बिडी कोण विझवतं?"

"यायचा काई भरोसा नाई मॅडम!"

*

एकदा मी धीर करून विचारलं, "आई, खपली सापडलीच नाही तर?"

"तर रक्त तपासायला पाठवायचं आणि गोळी आजच सुरू करायची. खपली काय जावई आहे, ती आल्याशिवाय पंगत बसवायची नाही?"

*

आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत सासूबाई नाहीत. विहीणबाई रुसल्या असं वाटून माझे बाबा हवालदिल झाले. "मानपानात काई चुकलं का?" म्हणून मांडवभर शोधत फिरले. सासूबाई पैठणी नेसून कोठीत, ताप आलेल्या आचाऱ्याच्या पोटावर टॉर्च मारत होत्या!

*

श्रावणात बाबा अकोल्यात ॲडमिट झाले. शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापलं आणि पुढच्या आठवड्यात ताप चढला. डेंगू समजून सलाईन चालू, टेस्ट निगेटिव्ह, प्लेटलेट्स घसरलेल्या. त्यात धाप लागायला लागली. मी फोन ठेवून सगळं सांगितलं. सासूबाईंनी टॉर्च उचलली, "चल."

तिथल्या डॉक्टरांना विचारून त्या खाटेपाशी गेल्या. बाबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"इहीनबाईसमोर? नाई जमत! आमी पोरीकडचे."

"भाऊ, लग्नात मी काही मान मागितला का?"

"नाई."

"मग आज मागते. नाडा सैल करा."

बाबांनी डोळे गच्च मिटले. खपली बरोबर नाड्याखाली होती. गोळी लगेच सुरू झाली. दोन दिवसांत ताप उतरला, आणि बाबांनी पहिली मागितली ती झुणका-भाकर.

दिवाळीला बाबा अमरावतीला आले. मान खाली घालून त्यांनी सासूबाईंपुढे साडी ठेवली.

"घ्या इहीनबाई. आता तुमच्यापासून लपवाले काई राह्यलंच नाई!"

सासूबाई साडीचा काठ निरखत म्हणाल्या, "मी खपलीच पाहिली, भाऊ. टॉर्च लहान आहे माझी!"