पाणी मालकाने पुरवावे
ओल्या गोणपाटाचा वास आला की मला माझा करारनामा आठवतो. दुष्काळाचं साल, वडवणीत घर बांधायला काढलेलं, आणि मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे स्वतःला अर्धा वकील समजणारा. सोसायटीच्या गोदामाचा जुना करार समोर ठेवून मी बांधकामाच्या गुत्तेदारासाठी स्टॅम्पपेपरवर एकवीस कलमं जशीच्या तशी उतरवली. "वाचा तरी," म्हटलं, तर ते म्हणाले, "तुमी लिवलंय न्हवं? मग झालं!" आणि सही ठोकली. स्लॅब टाकला अन् तिसऱ्याच दिवशी माझा बोअर आटला. पाण्यावाचून स्लॅबला तडे जाणार, म्हणून गुत्तेदारांना धरायला मी ऐटीत कागद काढला, तर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'पाणी मालकाने पुरवावे.' तोंड लपवून घरात बसलो. सकाळी बघतो तर गुत्तेदार बैलगाडीत पिंपं लादून हजर, स्वतःच्या विहिरीतलं उरलंसुरलं पाणी घेऊन. "पण कागदात तर..." मी पुटपुटलो. "कागद तुमचा हाय, स्लॅब माझा. तडा गेल्यावर लोक कागद बघाया येतेत व्हय?" पुढं पंधरा दिवस त्यांनी स्लॅबवरची गोणपाटं वाळू दिली नाहीत. ते छत अजून गळलेलं नाही. परवा वरचा मजला बांधायला काढला, तेव्हा म्हातारे झालेले गुत्तेदार हसत म्हणाले, "सेक्रेटरी, कागद?" मी आधी त्यांना पाण्यानं भरलेली टाकी दाखवली.