राखणदाराला सांगून केलेली चोरी

त्या चोरीची आठवण निघाली की अजूनही मला आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. एका गावचे निवृत्त व्यापारी, ज्यांना सगळे भाई म्हणत, ठाण्यात आले. पोर्तुगीज काळात वास्को बंदरात उतरलेली त्यांची उघड्या टपाची अमेरिकन गाडी ते म्हापशाच्या बाजाराला गेले असताना शेडमधून नाहीशी झाली होती. तक्रारीवर सही करायला त्यांना ओळ सापडेना. मी बोट ठेवून दाखवली, आणि बिनडोकासारखा पुढच्या कामाला लागलो.

नाकाबंदी केली, पंचनामा केला. गाडी चालू कशी झाली, हेच कोडं होतं. ती चालू करायची रीतच न्यारी: अर्धा चोक ओढायचा, पॅडल दोनदा दाबायचं, पेट्रोलचा वास आला की थांबायचं. तिच्या मेकॅनिकला उलटसुलट विचारलं, तर म्हणाला, "साहेब, ती भाईंचां आयकता. तांचांय रोज नाय."

भाईंच्या घरी त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, चहा देताना विचारत होत्या, "चोराक किती शिक्षा जाता ओ?" मी कलमासकट समजावून सांगितलं!

मग निनावी फोन आला. "साहेब, राखणदाराकडे ताजो नारळ फोडलेलो आसा. घाड्याक विचारा."

गावची राखण करणाऱ्या देवाला नारळ दिल्याशिवाय ती गाडी शीव ओलांडत नसे, आणि देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचं ते गावच्या पुजाऱ्यानं, घाड्यानं. त्याला ठाण्यात बसवलं.

"काय मागलंस देवाकडे?"

"देवाकडचां पोलिसांक कित्याक?"

"मग देवालाच बोलावू जबाबाला?"

तो हसला आणि फुटला. "म्हटलंय, म्हाराजा, ही गाडी लाटंबार्सेक सुखरूप पावय, नी वाटेर कोणाच्या नदरेक पडूक देऊ नको."

लाटंबार्से म्हणजे वहिनींचं माहेर. भाई-वहिनींना घेऊन तिथं गेलो, तर काजूच्या बागेत, माडाच्या विणलेल्या झापांखाली गाडी उभी होती.

वहिनी म्हणाल्या, "ह्येंका एका डोळ्यान दिसणा. गेल्या म्हयन्यात शाळेची पोरां थोडक्यात वाचली. किल्ली मागली तर जेवण सोडतत. एक दीस कोण तरी मरतलो, म्हणान न्हेलंय."

भाईंनी विचारलं, "चलयली कोणी?"

"मियांच चलयली."

"गिअर कसो घातलंस?"

"तुमी घालतास तसोच. फकत गाळी घालूक नाय."

भाईंनी खिशातली दुसरी किल्ली काढून वहिनींपुढे धरली. गैरसमजातून तक्रार झाली, असा अहवाल मी पाठवला.

तपासात आपण आधी शत्रू शोधतो. त्या दिवसापासून मी आधी काळजी करणारं माणूस शोधू लागलो. यंदा मलाही रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले, तेव्हा स्कूटरची किल्ली मी आपणहून बायकोकडे दिली. तिनं ती निमूट घेतली. तिचा बेत कुठवर आला होता, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.