सेकंदकाकांची पंचावन्न मिनिटं

‘किती वाजले’ असं कुणी विचारलं तर सेकंदकाका लगेच सांगायचे. पण ‘किती वेळ लागतो’ असं विचारलं की पंचाईत. “काका, नंदनवनातून हिंगण्याला बस किती वेळात पोचते?” असं मी पहिल्याच आठवड्यात सहज विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, “कोण्या दिवशी?” मी म्हटलं, कुठल्याही. “कोण्याही दिवशीची बस नसते गा. सोमवारची असते, बाजाराच्या दिवशीची असते. फाटक बंद असलं तर येगळी, उघडं असलं तर येगळी. तुले कोणती पायजे?” मला फक्त सकाळी किती वाजता उठायचं ते ठरवायचं होतं. ते त्या दिवशी ठरलं नाहीच.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता. दोन कपाटांएवढं यंत्र, चार टर्मिनलं आणि ओळीमागून ओळ धडधडत छापणारा प्रिंटर. बाहेर मे महिन्याचं नागपूरचं ऊन आणि आत यंत्रासाठी लावलेल्या एसीत स्वेटर घालून बसलेले आम्ही. मी प्रोग्रॅमर, नोकरीला सहा महिने झालेला, म्हणजे सगळं काही कळणारा. काका ऑपरेटर, पन्नाशी कधीच ओलांडलेले. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात होतं, बाकी कुठे ते वापरात नव्हतं. उजव्या खिशात रुमालात गुंडाळलेलं स्टॉपवॉच असायचं म्हणून ते सेकंदकाका.

त्यांची दुसरी पाळी तीनला सुरू व्हायची आणि मी साडेपाचला सुटायचो. रोजचे हे अडीच तास आम्ही दोघं त्या थंड खोलीत असायचो. मी यवतमाळकडच्या गावातून आलेला, नंदनवनात एका खोलीत एकटा. काका तिथेच, दोन गल्ल्या सोडून, तेही एकटे. एकटी माणसं शेजारी बसली की लगेच बोलू लागतात हा बाहेरच्यांचा समज आहे. बसचा तो प्रश्न सोडला तर पहिले दोन महिने आम्ही दोघांनी प्रिंटरच ऐकला.

आमचा सगळ्यात मोठा जाच म्हणजे ‘पूर्ण जुळणी’. पगार, भांडार, विक्री असे शंभरावर प्रोग्रॅम होते. त्यातल्या सामाईक भागात एक ओळ जरी बदलली तरी सगळे प्रोग्रॅम पुन्हा कंपाईल करायचे, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायचे, एकमेकांना जोडायचे आणि मग नवी टेप काढायची. याला दोन तास दहा मिनिटं लागतात, असं खात्यात सगळे म्हणायचे. शेवटी एखादी चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. काकांची दुसरी पाळी मुळात या जुळणीवर लक्ष ठेवायलाच होती.

मी पुस्तकं वाचली, डोकं चालवलं, कामाच्या फायली एका डिस्कवरून दुसरीवर हलवल्या आणि सुट्टीच्या दिवशी मुद्दाम कारखान्यात येऊन जुळणी लावली. दीड तास! चाळीस मिनिटं वाचवली होती मी. दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी ही बातमी वरच्या साहेबांना सांगितली, वरच्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीन वाजता काका आले. मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं झालं. जुनं कोण्या दिवशी घेतलं होतं?”

“जुनं म्हणजे? दोन तास दहा मिनिटं. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यायले माहीत आहे, पण मोजलं कोणं?”

मी चिडलो. म्हाताऱ्याला पोरांचं कौतुक सोसत नाही असंही मनात आलं. पुढच्या सुट्टीला काका आपण होऊन आले, फायली जुन्या जागी ठेवून जुनी जुळणी लावली आणि सोमवारी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. त्यावर एवढंच होतं: ‘जुनी रीत, सुट्टीचा दिवस, एक तास बत्तीस मिनिटं.’ म्हणजे वेळ माझ्या हुशारीनं वाचला नव्हता. भांडारातले कारकून घरी होते, टर्मिनलं बंद होती, यंत्राला दुसरं काम नव्हतं, एवढंच झालं होतं. मी वाचवली होती दोन मिनिटं, आणि तीही खरी की नाही कोण जाणे. ही चिठ्ठी त्यांनी साहेबांना दाखवली नाही. साहेबांकडे मलाच जावं लागलं, आणि माझं तोंड केवढं झालं ते मी इथे सांगत नाही.

त्यानंतर मात्र काकांनी मला मोजायला शिकवलं. त्यांची रीत कंटाळवाणी होती. यंत्र सकाळपासून चालू असलेलं हवं. वेळ तीच, टर्मिनलं तेवढीच, खोलीतली थंडी तेवढीच. एक दिवस जुनी रीत, एक दिवस नवी, असं आलटून पालटून. प्रत्येकीच्या पाच मोजण्या, आणि वहीत वेळेसोबत त्या दिवशी काय काय घडलं तेही लिहायचं: ‘वीज गेली’, ‘एसी बंद पडला’, ‘पगाराची गर्दी’. एकदा मोजणी बिघडली म्हणून मी पान फाडायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. “फाडू नको. बिघडलेलंही लिही. अन् शेवटी मधला आकडा धर. चांगला आकडा आपल्याले फसवते, वाईट आकडा आपल्याले घाबरवते.” पाचव्या मोजणीला मी जांभया द्यायचो. काका पहिल्याइतकेच सावध असायचे, आणि बटणावर ठेवलेला अंगठा जराही हलत नसे.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी एका दुपारी न विचारता सांगितलं. ते उमरेडच्या विणकरांच्या घरातले. घरचे हातमाग बसले तेव्हा थोरला भाऊ नागपुरात एका कापड गिरणीत मागावर लागला आणि धाकट्याला, थोडं शिकलेला म्हणून, त्याच गिरणीत स्टॉपवॉच घेऊन कामाचे वेळ मोजायची नोकरी मिळाली. साहेबांनी सांगितलं, एका पाळीत किती कापड निघायला हवं ते मोज. काकांनी एक चांगला विणकर निवडला, एका सकाळी त्याच्यामागे उभं राहून मोजलं आणि आकडा दिला. तोच आकडा सगळ्यांना लागू झाला.

“त्या दिवशी सूत चांगलं होतं गा,” काका म्हणाले. “तुटतच नव्हतं. मी सूत नाही लिहिलं, वेळ लिहिला.”

पुढे सूत हलकं आलं, पण आकडा तोच राहिला. थोरल्या भावाला तो गाठता येईना. आधी बोलणी बसली, मग त्याचे दोन माग काढून घेतले आणि शेवटी तो गिरणी सोडून गेला. “मी म्हटलं, दादा, परत मोजतो. तो म्हणे, आता काहून मोजतं? मंग मेला तोवर माह्याशी बोलला नाही.” एवढं सांगून काका उठले आणि प्रिंटरमधला कागद नीट करू लागले. मी जाऊन कागदाचं दुसरं टोक धरलं.

मग काकांनी जुळणीचे तुकडे पाडले. कंपाईल किती, जोडणी किती, टेप किती, प्रत्येकाचा वेळ वेगळा मोजायचा. घोडं कुठे पेंड खातंय ते आठ दिवसांत दिसलं. ते भलत्याच ठिकाणी होतं. प्रत्येक प्रोग्रॅम कंपाईल झाला की त्याची संपूर्ण छापील प्रत निघायची आणि प्रिंटरचं छापून होईपर्यंत यंत्र नुसतं थांबून राहायचं. कधीकाळी एका तपासनिसाने त्या प्रती मागितल्या होत्या, तेव्हापासून पडलेला हा रिवाज. रोज ढीगभर कागद निघायचा. तो फाडायचा, घड्या घालायच्या, दोऱ्याने बांधायचा आणि फडताळात लावायचा. त्या फडताळाकडे कुणी फिरकत नसे. हे बांधायचं काम दुसऱ्या पाळीचं, म्हणजे काकांचं. इतक्या सुबक गाठी मी परत कुठे पाहिल्या नाहीत.

“कागदाचाच वेळ जास्त आहे,” वही माझ्याकडे सरकवत काका म्हणाले. “छापणं बंद करून पाह्य.”

आम्ही छापणं बंद केलं. पाच मोजण्या घेतल्या, सगळ्या कामाच्या दिवशी आणि सगळी टर्मिनलं चालू ठेवून. मधला आकडा आला पंचावन्न मिनिटं. मी टाळी वाजवली. काका हसले. त्यांना पूर्ण हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

साहेब चार वाजता खोलीत आले. “तासाच्या आत होत असेल तर सकाळच्याच पाळीत आटपेल की,” ते आमच्या दोघांसमोर म्हणाले. “मग दुसरी पाळी कशाला? उद्या मला नक्की आकडा लिहून द्या. तासाच्या आत असेल तर या महिनाअखेर बंद करू.” साहेब वाईट नव्हते. काकांची नेमणूक वर्षावर्षाची आहे, हे त्यांना बोलताना आठवलं नसावं. मला मात्र त्याच क्षणी आठवलं.

साहेब गेल्यावर मी कागद घेतला आणि लिहिलं: एक तास वीस मिनिटं. “गर्दीच्या दिवशी एवढं लागूही शकतं, काका,” मी म्हणालो. “कोण तपासायला येतंय?” काकांनी कागद वाचला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

“गर्दीच्या दिवशी आपण मोजलं ना गा. अठ्ठावन आलं.”

“तुमची नोकरी जाईल.”

“जाईन. पण हा आकडा माह्या वहीतला आहे. एकबार माह्या आकड्यानं माणूस गेला, तो आकडा खोटा होता. आता खऱ्यानं जाऊ दे.” मग म्हणाले, “तू माह्यासाठी फुगवून राहिला, मले समजते. पण नको करू.” त्यांनी दुसरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी पंचावन्न लिहिलं. खाली सही माझी.

महिनाअखेरीला त्यांनी फडताळातल्या शेवटच्या गठ्ठ्यावर तारीख टाकली, किल्ली माझ्या हातात दिली आणि माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत चालत आले. इतके दिवस आम्ही शेजारी बसलो, पण माझ्या घरी कोण कोण आहे हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. आई, दोन बहिणी, मी सांगितलं. “खोलीवर तूच रांधतं का?” मी म्हटलं, जमेल तसं. “मंग रविवारी जेवाले येजो. मटण करतो. आमच्या विणकरायच्या हातचं तिखट तुले झेपते का ते पाहू.” मी नक्की येतो म्हणालो.

मी गेलो नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून कपडे घातले आणि खाटेवर बसून राहिलो. त्यांच्यासमोर बसून घास कसा उतरणार, असं वाटत राहिलं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नसणार, हे मला ठाऊक होतं. तेच जड जात होतं. पुढचे दिवस मी त्यांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने बसला जायचो. किराणा दुकानही बदललं. खोलीत इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं. कारखान्यातही तीन वाजले की आता यंत्राच्या खोलीत कुणी येत नसे, आणि मी साडेपाचपर्यंत एकटाच त्या थंडीत बसायचो.

चौथ्या रविवारी धीर करून गेलो. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. काका आठ दिवसांपूर्वीच खोली सोडून उमरेडला पुतणीकडे गेले, असं त्यांनी सांगितलं. पुतणी म्हणजे गिरणी सोडलेल्या त्याच थोरल्या भावाची मुलगी. तिने स्वतः येऊन नेलं म्हणे. ऐकून मला बरं वाटलं, आणि मी निघालो.

“तुमीच का हापिसातले?” त्यांनी मागून विचारलं. मी हो म्हटलं. सुपातला हात थांबवून त्या म्हणाल्या, “दोन रविवार वाट पाह्यली बाप्पा तुमची. बारा वाजेपर्यंत दारात उभे राह्यचे. मंग गंजभर मटण आमच्या घरी आणून द्यायचे, अन् म्हणायचे, पोराले काम आलं असन.”