पायवाल्यांची नवी गाडी

आमच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईच्या खोलीला लागून, एक लांबट कारखाना आहे. तिथे कृत्रिम पाय बनतात. बनवणाऱ्या माणसाचं नाव पगारपत्रकावर असेलच, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना पायवाले म्हणतात. मी पेशंटना त्या पायांवर चालायला शिकवते, त्यामुळे आमची दिवसातून दहा वेळा गाठ पडते. "पाय मी देतो, चाल डॉक्टर देतात," असं ते प्रत्येक नव्या पेशंटला सांगतात आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसतात.

पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा माणूस. भुवयांवर कायम प्लास्टरची पांढरी भुकटी. पाय घालून पेशंट पहिलं पाऊल टाकतो तेव्हा हे खाली उकिडवे बसून, डोळे मिटून नुसतं ऐकतात. बिजागरी कुरकुरली, तळवा जरा तिरका पडला, तर त्यांना आवाजावरूनच कळतं. आणि प्रत्येक पेशंट एक प्रश्न विचारतोच, "किती वर्षं टिकेल हो हा?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "ते तुमच्यावर आहे. चालाल तेवढा झिजेल. झिजला की या, मी कुठे पळून जात नाही."

हे बोलणारा माणूस नवी गाडी घेतल्यावर असा वागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्यांची जुनी गाडी सतरा वर्षांची होती. घेतली तेव्हाच ती कुणाची तरी वापरलेली होती. तिला रोज काही ना काही व्हायचं, पण काय होतंय ते यांना कळायचं. डाव्या दाराला खांदा लावायचा, थंडीत दोनदा किल्ली फिरवायची, असं सगळं तंत्र बसलेलं. एका सकाळी ती बंद पडली ती पडलीच. मग पायवाले आणि बाई शोरूमला जाऊन राखाडी रंगाची नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत भूगोल शिकवतात, म्हणून गल्लीतही बाईच.

पहिले चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवशी बाईंचा धाकटा भाऊ गाडी बघायला आला. या मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळतं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं आणि जिभेने च्यक् केलं.

"काय रे?" पायवाल्यांनी विचारलं.

"काही नाही, भावोजी. गाडी छान आहे."

"मग च्यक् कशाला केलंस?"

"यात तो नवा गिअरबॉक्स आहे ना. आत्ता लोण्यासारखा चालेल. तीन-चार वर्षं जाऊ देत, मग बघा."

"काय बघू?"

"नाही, प्रत्येकाचा जातोच असं नाही." एवढं बोलून मेहुणा चहा पिऊन निघून गेला, आणि पायवाल्यांच्या डोक्यात भुंगा सोडून गेला.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पायवाल्यांच्या एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर त्या गाडीच्या मालकांचा एक गट होता, हजारो लोकांचा. ज्यांची गाडी सुरळीत चालत होती ते तिथे कशाला लिहितील? लिहायचे ते रडणारेच. एकाची गाडी चढावर बंद पडलेली, दुसऱ्याची भर चौकात. पायवाले वाचायचे आणि मला ऐकवायचे.

"डॉक्टर, हे बघा. बत्तीस हजार किलोमीटर. फक्त बत्तीस!"

"तुमची किती झाली?"

"चारशे दहा."

"मग?"

"मग काय, वेळ जवळ येतेय."

मी हसले, पण ते हसले नाहीत. जुनी गाडी बडबडी होती, म्हणून तिची भीती नव्हती. ही नवी गप्प होती, आणि गप्प गाडीच्या पोटात काय चाललंय ते कसं कळणार? त्यांनी गाडीतला रेडिओ बंद केला. बाई काही सांगायला लागल्या की "एक मिनिट, थांब" म्हणून कान टवकारायचे. एकदा त्यांना पक्का आवाज सापडला, वळणावर टक् टक् करणारा. दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी तो बाईंच्या पर्समधल्या खडूच्या डबीचा निघाला.

हळूहळू गाडी घराबाहेर निघेनाशी झाली. ऊन लागू नये म्हणून तिच्यावर आच्छादन आलं. कामाला पायवाले बसने येऊ लागले. छोट्या फेऱ्या इंजिनाला वाईट आणि लांबच्या फेऱ्या गिअरबॉक्सला वाईट, असं दोन्ही कुठेतरी वाचलेलं, मग उरलं काय? रविवारी सकाळी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची, परत आणायची, पुसायची आणि झाकायची. तळहातावरच्या फोडासारखी जपली ती त्यांनी. बाईंच्या हाती तर ते किल्लीच देत नसत. खरं म्हणजे बाई त्यांच्यापेक्षा बरी गाडी चालवतात.

बाईंचा या गाडीत एकच स्वार्थ होता. त्यांची थोरली बहीण सहा तासांच्या अंतरावर एकटी राहते. एकाहत्तर वर्षांची. आई लवकर गेल्यामुळे तिनेच बाईंना वाढवलं. जुनी गाडी तिथपर्यंत पोचण्याची खात्री नव्हती, म्हणून चार वर्षांत दोघींची गाठ नव्हती. नवी गाडी आल्या आल्या बाई म्हणाल्या होत्या, "आता ताईकडे जाऊ."

"पहिली सर्व्हिसिंग होऊ दे."

पहिली झाली, दुसरी झाली. मग पावसाळा संपू दे. मग गटातला एकजण म्हणतोय की कंपनी त्या गिअरबॉक्समध्ये काहीतरी सुधारणा करणार आहे, तेवढी होऊ दे. बाई भांडल्या नाहीत. त्या विचारायच्याच थांबल्या. मला वाटतं, तेच पायवाल्यांना जास्त लागलं असावं, पण गाडीवरचं आच्छादन काही निघालं नाही. असे दहा महिने गेले.

आणि मग एका सोमवारी बेकरीवाले आजोबा आले. साखरेच्या आजारात त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. दोन वर्षांपूर्वी पायवाल्यांनी त्यांना पाय करून दिला होता, आणि माझ्याकडे तीन आठवडे चालून ते छान तयार होऊन घरी गेले होते. आता आले ते कुबड्यांवर. मागे सुनेच्या हातात एक लांब बोचकं.

"नातीचं लग्न आहे रविवारी," आजोबा म्हणाले. "मांडवात पायावर उभा राहणार. जरा बसवून द्या."

सुनेने बोचकं सोडलं. आत मऊ फडकं, त्याच्या आत आणखी एक फडकं, आणि आत पाय. ओरखडा नाही. पट्ट्यांना तेल लावलेलं. तळव्याच्या रबरावर साच्याची रेघसुद्धा तशीच.

"घातलाच नाही?" मी विचारलं.

"घरात कुबड्या आहेत की. एवढी चांगली वस्तू रोज वापरून कशाला घालवायची? जिवापाड जपलाय बघा."

पायवाले खाली बसले आणि पाय चढवायला लागले. उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीला आम्ही सॉकेट म्हणतो. दोन वर्षांपूर्वी ते आजोबांच्या मापाचं होतं, आता त्यात पाय गरागरा फिरायला लागला. वापर नाही, त्यामुळे आजोबांच्या पोटरीचा उरलेला भाग सुकून बारीक झाला होता. पायवाल्यांनी एक मोजा चढवून पाहिला, दोन पाहिले. आजोबा उभे राहायला गेले आणि मी धरलं म्हणून वाचले.

"बिघडला का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"नाही हो," पायवाले म्हणाले. "पाय जसा दिला तसाच आहे." त्यांनी तो उतरवून मांडीवर घेतला. "तुम्ही तसे राहिला नाहीत, आजोबा."

आजोबांनी पायाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

पायवाल्यांनी मग हातातली कामं बाजूला सारली. त्याच दुपारी नवा साचा घेतला. चार दिवस कारखान्यात दुसरं काही झालं नाही. शुक्रवारी आजोबा नव्या सॉकेटवर माझ्याकडच्या धरून चालायच्या दांड्यांमधून दोन फेऱ्या चालले, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू. रविवारी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नातीचा हात धरून ते मांडवभर फिरले, असं सुनेने नंतर सांगितलं.

पण पायवाल्यांनी रविवारपर्यंत वाट पाहिली नव्हती. सोमवारी संध्याकाळी घरी गेल्यावर काय झालं ते बाईंनी मला सांगितलं. त्या वह्या तपासत बसल्या होत्या. बाहेर फर्रकन आवाज झाला म्हणून खिडकीतून बघतात तर हे गाडीवरचं आच्छादन ओढून काढताहेत.

"ताईला फोन कर," ते आत येऊन म्हणाले. "शनिवारी येतोय म्हणावं."

"आणि सर्व्हिसिंग?"

"झालीय की."

"आणि ती कंपनीची सुधारणा?"

"करतील तेव्हा करतील. ताईंचं वय काय त्यांच्यासाठी थांबणार आहे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याचा विचार बदलायच्या आत फोन लावला.

शनिवारी सकाळी दोघं निघाले. पहिले चार तास कसे गेले ते कळलंच नाही, असं पायवाले सांगतात. रेडिओ चालू होता. मग डोंगराचा चढ लागला, आणि अर्ध्या चढावर गाडीने एक हिसका दिला, समोर लाल दिवा लागला आणि गिअर बदलेना. म्हणजे गटात लिहिलं होतं तस्संच. त्यांनी गाडी कडेला घेतली.

ही हकिकत ऐकताना मी मध्येच विचारलं, "मग? हातपाय गळाले असतील तुमचे."

"तेच तर, डॉक्टर. मलाही वाटलं आता गळतील. दहा महिने ज्याची धास्ती घेतली होती ते समोर उभं राहिलं, आणि आम्ही दगडावर बसून सफरचंद खात होतो. हिने मला एक फोड दिली. गोड होती."

एकाच गिअरमध्ये रांगत रांगत त्यांनी पुढचं गाव गाठलं. तिथे कंपनीचं गॅरेज होतं. टोपीत केस कोंबलेल्या एका मुलीने गाडीला यंत्र जोडलं आणि आकडे वाचले. भाग वॉरंटीत बदलून मिळेल, पण मोठ्या शहरातून यायला दोन दिवस लागतील, असं तिने सांगितलं. पायवाले तिला प्रश्नावर प्रश्न विचारत राहिले, तीही कंटाळली नाही. शेवटी तीच म्हणाली, "काका, पुन्हा कधीच होणार नाही असं मी सांगू शकत नाही."

"ते नकोच," पायवाले म्हणाले. "झालं तर कुणाला फोन करायचा तेवढं सांगा."

तिने नंबर दिला. पायवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या, त्यातली एक त्यांनी घेतली. तिथे बसून बाईंनी बहिणीला फोन केला. आता मात्र त्यांचा आवाज जड झाला. "ताई, आम्ही अडकलो गं. गाडी बिघडलीय. येणं होत नाही बहुतेक."

"कुठे आहात?"

बाईंनी गावाचं नाव सांगितलं.

"अगं, तिथे इथून बस येते! दोन तासांवर आहात तुम्ही." आणि ताईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता जिन्यावर धापा ऐकू आल्या. दार उघडलं तर थोरल्या ताई. एका हातात पिशवी, काखेत स्वतःची उशी. "मला दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही," एवढं बोलून त्या पलंगावर बसल्या, आणि मग दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या की रडत होत्या ते पायवाल्यांना कळेना, म्हणून ते चहा सांगायला खाली गेले.

ते दोन दिवस त्या खोलीत तिघांनी पत्ते खेळण्यात घालवले. ताई उघड उघड लबाडी करायच्या आणि पकडलं की म्हणायच्या, "वयाचा मान ठेवा, जावईबापू." संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत चालत जायचं. ताईंचा गुडघा दुखायचा. पायवाल्यांनी एकदा उकिडवे बसून, डोळे मिटून त्यांची चार पावलं ऐकली आणि चपलेत घालायला रबराचा एक तुकडा कापून दिला. त्याने बराच फरक पडला म्हणे.

मंगळवारी दुपारी गाडी तयार झाली. पायवाल्यांनी किल्ली घेतली, गाडीपर्यंत गेले आणि ती बाईंच्या हातात ठेवली.

"मी?" बाई म्हणाल्या.

"रस्ता तुझ्या ओळखीचा आहे. मी मागे बसतो उशी घेऊन."

डोंगर उतरल्यावर सरळ रस्ता लागला. बाईंनी वेग घेतला. मागून एकदाही "एक मिनिट, थांब" आलं नाही. उन्हं कलायच्या सुमाराला ताईंचं गाव आलं, मग गल्ली आली, मग हिरव्या फाटकाचं घर. बाईंनी गाडी हळू केली.

"थांबू नकोस गं," ताई म्हणाल्या. त्यांनी काच खाली केली होती आणि कोपर बाहेर काढून ऐटीत बसल्या होत्या. "घर कुठे पळून जातंय? पलीकडे तळ्याला नवा रस्ता झालाय म्हणतात. मी अजून बघितला नाही."

बाईंनी आरशातून नवऱ्याकडे बघितलं.

"बघतेस काय, चल की," पायवाले म्हणाले. "अजून चांगला उजेड आहे."