दगडूमामा आणि किमयागाराचं चित्र

दगडूमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजात इतिहासाचा तास घेत होते. तास कसाबसा पुरा केला, आणि स्टाफरूममध्ये येऊन नुसती बसून राहिले…

मामांची सराफ्यात आटणीची भट्टी होती. मोडीची चांदी शिसं घालून मुशीत वितळवायची, मळ काढायचा, शुद्ध लगड सराफाच्या हातात द्यायची, यातच जन्म गेला. एकदा जुन्या विलायती कोरीव चित्रांचं पुस्तक मी त्यांना दाखवायला नेलं. एका चित्रात चांदी गाळणारा माणूस फळीच्या फटीतून जाळाकडे बघत होता. मामा खूश झाले. "ह्याला काम येतंय. डोळे जपतोय बघ." पुढच्या पानावर किमयागार होता, भात्याशी वाकलेला, भोवती मुशी, आणि मागे रिकामं पातेलं धरून उभी असलेली बायको. मामांनी त्या बायकोवर बोट ठेवलं आणि मामींना हाक मारली.

"तुझे तोडे तुझ्या भावानं नव्हते नेले. म्या मुशीत घातले."

पोलीस ॲक्शननंतर, निजामी राजवट संपल्यावर, शहर सोडून जाताना एका हकीमसाहेबांनी मामांना किमयेची वही दिली होती. तांब्याची चांदी करायची कृती होती तिच्यात, आणि विरजणासारखी थोडी खरी चांदी लागायची. हाती आला काळा गोळा. त्यातून चांदी मामांनी परत काढली, पण तोडे कुठून काढणार? नेमका तेव्हाच मामींचा भाऊ दोन दिवस राहून गेला होता. मामींनी त्याच्यावर आळ घेतला, मामा गप्प राहिले. पंचवीस वर्षं मामींनी करमाडला, माहेरी, पाऊल टाकलं नव्हतं.

मामींनी लगेच चपला घातल्या, मला म्हणाल्या, "चल गं." एसटीनं आम्ही करमाडला गेलो. ओसरीवर बसलेल्या भावाचे त्यांनी पायच धरले. "अगं, आधी घरात तर ये," एवढंच तो म्हणाला. आठ दिवसांनी मामा न्यायला गेले. मेहुण्यानं पोटभर जेवू घातलं, एका शब्दानं विचारलं नाही. "ते जेवण लई जड गेलं गं," मामा मला म्हणाले होते.

परवा भेटायला गेले तेव्हा धीर करून विचारलं, "मामी, मामांना माफ केलं होतं का?"

"माफी…" त्या थांबल्या. "करमाडाहून आल्यापासनं भट्टीवर जाताना रोज पिशवी माझ्यापुढं उघडून दाखवायचे, घरातलं काय नेत नाय म्हणून. म्हणलं, ऱ्हाऊ द्या आता. ऐकलं नाय."

पिशवी दाराजवळच्या खुंटीला होती. आत चिमटा, चष्मा, पानाचा डबा. मामींनी अजून तिचं तोंड मिटलेलं नाही.