अळणी नैवेद्य

चंपाषष्ठीच्या सकाळी देवघरासमोर हात जोडून उभा होतो, पण ओठांवर प्रार्थना येत नव्हती. विषमज्वरातून उठलेल्या माझ्या पत्नीची, सुनंदाची, अन्नावरची वासनाच उडाली होती. ताप उतरला होता, तरी ताट पुढे नेले की ती भिंतीकडे तोंड फिरवी. बारामतीतल्या चांगल्या खाणावळीचा डबा, पेज, फळांचे रस, सारे जसेच्या तसे परत येई. आज पोटात काही गेले नाही तर उद्या पुन्हा दाखल करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. ‘मल्हारी, इतकी वर्षे तुझे सारे नेमाने केले, ते कशासाठी?’ असा प्रश्न मनात उमटला आणि लगोलग त्याची लाजही वाटली.

आमच्या घरी आषाढापासून वांगे वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पानात येते. हा नैवेद्य दरवर्षी सुनंदाच रांधी. यंदा तोही डब्यातूनच मागवावा, असे मी ठरवले होते. तिला सांगायला गेलो, तर डोळे मिटूनच ती म्हणाली, “देवाला बाहेरचं नको. त्यापेक्षा यंदा राहू द्या.” तिच्या आवाजातली निरवानिरव मला सोसवली नाही. “मी करतो,” असे बोलून गेलो.

बोललो खरा, पण त्या स्वयंपाकघरात मी आजवर पाहुण्यासारखाच वावरलो होतो. वांग्याला तेलाचा हात लावून ते आचेवर भाजले. साल काढताना बोटे पोळली. बाजरीचे पीठ गरम पाण्यात मळले. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच दुभंगली. दुसरी तव्यावर गेली, पण तिची एक कड मागेच राहिली. तिसरीचे तुकडे तव्यावरच बोटांनी सांधले. सुनंदाला सोसावे म्हणून भरितात मिरची घातली नाही. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, हा दंडक मात्र कटाक्षाने पाळला. त्या धांदलीत मनातली तक्रार कधी थांबली, हे मला कळलेही नाही. त्या वेड्यावाकड्या भाकरीवर भरीत ठेवून मी पान देवापुढे मांडले आणि एवढेच म्हणालो, “देवा, मला इतकेच जमले.”

तेवढ्यात दारातून हाक आली, “वारी खंडोबाची!”

कपाळभर भंडारा ल्यालेली एक वृद्ध बाई उभी होती. शेळगावची होती, लेकीकडे आली होती आणि पाच घरी वारी मागण्याचा नवस फेडत होती. आमचे घर पाचवे. देवाच्या नावाने आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी कसे पाठवावे? मी तिला आग्रहाने बसवले आणि नैवेद्यातलेच वाढले. तिने पहिला घास घेतला आणि ती मिस्कीलपणे माझ्याकडे पाहू लागली.

“सैपाक कुणी केला म्हनायचा?”

“मीच, मावशी. पत्नी आजारी आहे.”

“तरीच! मिरची न्हाय, ते समजलं, घरात दुखणं हाय. पर भाऊ, मीठ कुठं हाय?” मग आतल्या खोलीकडे मान वळवून ती मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, तुझ्या मालकानं देवालाबी अळणीच जेवू घातलं की गं!”

मी शरमेने मान खाली घातली. आतून कॉट करकरली. भिंतीला धरत धरत सुनंदा दारात आली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होते. “अहो, पाहुण्याला अळणी वाढतं का कुणी?” असे म्हणत तिने मिठाची बरणी काढली, खाली बसून भरितावर मीठ भुरभुरले, हाताने कालवले आणि सवयीने बोट जिभेला लावले.

“बस माझ्याबरुबर,” बाई म्हणाली. “मला एकटीला घास उतरत न्हाय.”

सुनंदाने भाकरीचा लहानसा तुकडा मोडला. मग आणखी एक. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेलो आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. छातीवरचे ओझे उतरले होते, पण डोळे आवरेनात.

बाईने दोघांच्या कपाळाला भंडारा लावला आणि ती निघून गेली. नाव विचारायचे राहूनच गेले. तिच्या येण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. इतकेच जाणतो, की मी चाखून पाहिले असते, तर मीठ मीच घातले असते, आणि सुनंदा कदाचित अंथरुणावरून उठली नसती. माझ्या नीटनेटक्या भक्तीने जे साधले नाही, ते माझ्या उणेपणातून त्याने करवून घेतले. आपल्याला जमेल तेवढे रांधावे, त्याच्यापुढे ठेवावे आणि राहिलेले त्याच्यावर सोपवावे, एवढे त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. त्या संध्याकाळी मी दिवा लावत होतो, तेव्हा सुनंदा मागून म्हणाली, “उद्यापासून डबा नको म्हणून कळवा. भाकरी तुम्ही थापा. मीठ मी घालीन.”