काचेच्या जागी उमेदवार

डब्लिनच्या हिवाळ्यात सकाळ नेमकी कधी होते, हे मला आजही सांगता येणार नाही. काळोख पातळ होत जातो आणि कधीतरी कुंपण दिसू लागतं. गेल्या हिवाळ्यात त्या पातळ काळोखात मी रोज शेजारच्या परसात जायचे आणि एका बुटक्या लाकडी पेटीचं काचेचं झाकण उचलायचे. ओल्या मातीच्या वासाची कोमट हवा तोंडावर यायची, झोपलेल्या माणसाचा श्वास यावा तशी. काचेला आतून थेंब लोंबकळत असायचे. त्यांच्याखाली, टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये, बोटभर रोपं उभी असायची. झाकणाखाली विटेचा तुकडा सरकवून मी तिथेच उकिडवी बसून राहायचे. ऑफिसची मीटिंग सुरू झाल्याचं फोन सांगायचा. सांगू दे.

पेटी शेजारच्या आजींची. तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारते, कारण इथे तसंच चालतं. मनात मात्र आजीच. अशा पेटीला कोल्ड फ्रेम म्हणतात, ग्रीनहाऊस परवडत नाही त्याचं ग्रीनहाऊस. रोपं स्वीट पीची, म्हणजे वाटाण्याच्या कुळातल्या, खायच्या नव्हे तर सुगंधी फुलांच्या वेलाची. बी आजींच्या आईच्या अंगणातलं, देशाच्या पश्चिमेकडे एनिस गावाजवळच्या खेड्यातलं. आई गेली, ते घरही विकलं गेलं, पण आजींनी दरवर्षी बी धरलं आणि दरवर्षी पेरलं. त्या हिवाळ्याआधीच्या उन्हाळ्यात पावसानं शेंगा कुजल्या. जेमतेम मूठभर बी हाती लागलं, ते सगळंच त्यांनी पेरून टाकलं. बरणीत काही उरलं नाही. आणि मग स्वयंपाकघराच्या पायरीवरून घसरून त्यांचा खुबा मोडला.

स्ट्रेचरवरून त्या मला म्हणाल्या, "दिवसा उघड, अंधार पडायच्या आत बंद कर. लाड करू नकोस त्यांचे. आणि तोंड असं करू नकोस गं, मी ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीक.

डिसेंबरात वादळ आलं. इथल्या वादळात पोरांच्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनी उडतात. त्या दिवशी कुणाची तरी कुंपणावरून आली आणि तिचा पाय आजींच्या काचेत गेला. रोपं वाचली, झाकण गेलं. दुपारी वारा पडला आणि आभाळ निवळलं, निळं, निर्दय. आता कडाक्याचं दंव पडणार होतं. चादर टाकली असती तर ती भिजून रोपांवरच बसली असती. मी काचा वेचल्या आणि ब्युमॉन्ट हॉस्पिटलच्या वॉर्डात आजींना फोन लावला.

"गॅरेजमध्ये बघ," आजी म्हणाल्या. "फ्रीजरच्या मागे प्लॅस्टिकचे फलक आहेत, निवडणुकीचे. त्यांच्याइतकं टिकाऊ या देशात दुसरं काही बनत नाही."

निवडणूक संपली की खांबांवरचे फलक लोक हळूच घरी नेतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात, गळक्या छपरावर टाकतात. मला हे ठाऊक होतं, आवडायचंही. मी एक फलक ओढून उजेडात आणला, आणि तो चेहरा दिसला.

याच माणसाचं पत्रक माझ्या दाराच्या फटीतून आत पडलं होतं. देश भरलाय, घरं आपल्या माणसांसाठी आहेत, बाकीच्यांनी परतीची वाट धरावी.

मी पत्रकांच्या घरात वाढले, बाबा पक्षाचे कार्यकर्ते. पुण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर आधी पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या, मग ताटं मांडली जायची. विरोधकाच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादीसुद्धा लिहायची नाही, असा बाबांचा नियम होता. लोक त्याला हसायचे. मी हसत नाही.

मी पुन्हा फोन लावला. "हा तुमच्याकडे कसा?"

"कोण? अच्छा, तो. कोपऱ्यावरच्या खांबावरून काढून आणला."

"मत दिलं होतंत याला?"

मागून चहाची ट्रॉली खडखडत गेली. "दिलं होतं. दारात आला होता. गटाराचं सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. दुसरं कोण येतं?"

"त्यानं माझ्याविरुद्ध पत्रक काढलंय."

"तुझ्याविरुद्ध नाही गं पोरी. ते बाकीच्यांविरुद्ध."

"बाकीचे म्हणजे मीच."

मग आजी म्हणाल्या, "मग नको लावूस. माझ्या आईचं फूल आहे, त्यासाठी तू कशाला... गेलं तर गेलं." त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

सूर्य छपरांमागे उतरत होता. पानं इतकी पातळ, की उजेड त्यांच्यातून आरपार जात होता. बाबांचा नियम बरोबर आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या रोपांनी कुणालाच मत दिलं नव्हतं. मी फलक पेटीवर ठेवला, चेहरा मातीकडे करून, आणि कडेनं विटा रचल्या. फलकाच्या पांढऱ्या पाठीवर आधी गुलाबी उजेड उतरला, मग निळा, मग काहीच नाही.

सकाळी सगळं परस पांढरं होतं. कोळ्याचं जाळं दोरीइतकं जाड झालं होतं. फलक पेटीला चिकटून बसला होता. उचलताना टरकन आवाज आला. खाली रोपं माना टाकून पडली होती. मी हात लावला नाही, नुसती बसून राहिले. ऊन कुंपणावर आलं, मग पेटीच्या कडेवर. पाण्याखालून कुणी सावकाश वर यावं तशी एकेक मान उठत गेली.

"आहेत," मी फोनवर म्हटलं. "कोपऱ्यातली थोडी काळी पडली."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मग आता शेंडे खुड. सगळ्यांचे. खुडले की खालून फुटतात."

"मी अजून रागावलेय तुमच्यावर."

"माहितीये. रात्रभर तेच मनात घेऊन पडले होते." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तो दारात आला ना, की तुला हाक मारीन. माझ्याशेजारी येऊन उभी राहा. मग सांगू दे त्याला, बाकीचे म्हणजे कोण ते."

"मी गप्प नाही हं बसणार."

"कधी बसलीयेस?"

मी फोन विटेवर ठेवला आणि पहिला शेंडा नखानं खुडला. बोटांना कोवळ्या मटारचा वास लागला.

"पानांच्या खालच्या दोन जोड्या ठेवल्यास ना?" फोन विचारत होता. "ठेवल्यास ना गं?"